ऐकणाऱ्याचं म्हणणं

आभाळाचं बारसं करायचं काम कुणाला तरी सरकारी पगारावर करावं लागेल, असं तीसेक वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. दर्शना मोकलच्या वाट्याला ते काम आलं. पुण्याच्या परिभाषा कार्यालयात ती बावीस वर्षं होती. जगात कुठं नवं यंत्र, नवा रोग किंवा नवा कायदा निघाला की त्याला मराठीत काय म्हणायचं ते हे कार्यालय ठरवी. माणसं पाच, लाकडी कपाट एक, आणि कपाटात पिवळी कार्डं.

प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. वर शब्द, मग व्युत्पत्ती, मग व्याख्या, आणि अगदी तळाशी ऐकणाऱ्याचं नाव, नातं आणि दोन ओळींचा एक रकाना: ‘ऐकणाऱ्याचं म्हणणं’. हा दंडक कार्यालयाच्या पहिल्या संचालकबाईंनी घालून दिलेला. त्या म्हणत, शब्द कागदावर शहाणाच दिसतो, कानावर पडला की त्याची अक्कल कळते. म्हणून कुठलाही शब्द मंजूर होण्याआधी विषयाचा गंध नसलेल्या तीन माणसांना ऐकवायचा, आणि ती जे बोलतील ते जसंच्या तसं तिथं उतरवायचं. बाई जाऊन जमाना झाला, पण दंडक कुणी मोडला नव्हता. निदान मोडल्याचं कुणाला कळलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल-मे महिने माणसं मारायला लागले होते. कोकणात दमट उष्म्यानं धडधाकट माणसं होडीतच कोसळत होती. तेव्हा समुद्रकाठच्या बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं, की विमानांनी वीस किलोमीटर उंचीवर गंधकाचे अतिसूक्ष्म कण फवारायचे. मोठा ज्वालामुखी फुटला की त्याचा धूर वर जाऊन पसरतो आणि पृथ्वी वर्ष-दोन वर्षं किंचित थंड होते, तेच मुद्दाम करायचं. येणाऱ्या उन्हातला शंभरातला एखादा भाग वरच्या वर परत पाठवायचा. त्यासाठी किनाऱ्यावरच्या ग्रामसभांची संमती हवी होती, आणि संमती मागायची तर या प्रकाराला मराठी नाव हवं होतं.

नावावरून जगभर हाणामारी चाललीच होती. कुणी म्हणे भू-अभियांत्रिकी म्हणा, कुणी म्हणे त्यानं लोक घाबरतात, हवामान हस्तक्षेप म्हणा. हस्तक्षेप हा शब्द पुढाऱ्यांना झोंबे. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं, गोड नाव देणं हीच फसवणूक आहे. शब्द मंजूर करणाऱ्या समितीतल्या वातावरणशास्त्रज्ञ डॉ. नसीम तांबोळी याच मताच्या. दर्शनाला मात्र एका दुपारी बसमध्ये शब्द सुचला, आभाळछत्र. सुचला तो इतका आवडला की उतरायचा थांबाही चुकला.

शब्द तीन माणसांना ऐकवायचा होता. दोघांना ऐकवून झाला. तिसरा तिचा थोरला भाऊ हरेश. पेण तालुक्यातल्या खारदेवळीला त्याची मिठागरं होती, त्यामुळे शास्त्राचा गंध नसला तरी ऊन या विषयात त्याच्याइतका जाणता दुसरा कोण मिळणार? बैठक सुरू व्हायची होती, समितीचे अध्यक्ष चौबळसाहेब दारातून घड्याळ दाखवत होते. तिनं फोन लावला.

“दादा, एक शब्द सांगते. आभाळछत्र. काय वाटतं?”

“सरळ छत्री बोल ना गो. आभाळाची छत्री. उन्हासाठी आडोसा. चांगली हाय. नको झाली की मिटायची. हो ना?”

“हो रे, तसंच काहीतरी.”

“जेवलीस का?”

“अकरा वाजलेत, दादा.”

“मग जेव,” म्हणाला नि त्यानं फोन ठेवला. जगबुडी आली तरी हरेशचा फोन याच प्रश्नावर संपे.

दर्शनानं रकान्यात लिहिलं, ‘उन्हासाठी आडोसा. चांगली आहे.’ पुढचं वाक्य लिहायला जागा नव्हती. खरं तर जागा होती, अक्षर बारीक काढलं असतं तर मावलं असतं. पण ते वाक्य लिहिलं असतं तर डॉ. तांबोळींनी शब्द तिथल्या तिथं पाडला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण ही छत्री मिटता येत नाही, हेच तर या फवाऱ्यावरच्या शास्त्रीय अहवालाच्या सातव्या प्रकरणात होतं, आणि ते प्रकरण तिनंच मराठीत आणलं होतं.

वर फवारलेले कण वर्ष-दीड वर्षात खाली येतात, म्हणून फवारा चालूच ठेवावा लागतो. इकडे गाड्या, गिरण्या, वीजघरं यांचा धूर हवेत साठतच असतो, आणि तो शेकडो वर्षं हटत नाही. म्हणजे उष्णता वाढायची थांबत नाही, नुसती झाकली जाते. अशात फवारा एकदम बंद केला, तर पन्नास वर्षांत हळूहळू आली असती ती उष्णता आठ-दहा वर्षांत अंगावर येते. माणूस कसाबसा निभावेल, पण पिकं, झाडं, मासळी यांना तेवढ्यात सावरता येणार नाही. या धोक्याला समितीनं नाव दिलं ‘समाप्ती-आघात’. त्याचंही कार्ड झालं. पहिला ऐकणारा, कार्यालयाचा पहारेकरी, म्हणाला, “कुठं झाला अपघात?” चहावाल्या शेवंताबाई म्हणाल्या, “हे डॉक्टरांचं असेल.” तिसऱ्यानं नुसती मान हलवली. चौबळसाहेबांनी शेरा मारला, तांत्रिक संज्ञा, सुबोध असण्याची गरज नाही. अशा रीतीनं सुखाचं नाव सोपं आणि धोक्याचं नाव अवघड ठेवून समिती जेवायला उठली. डॉ. तांबोळींनी त्या दिवशी छत्राचं कार्ड दोनदा वाचलं होतं. ऐकणाऱ्यांना गैरसमज झालेला दिसत नाही, असं म्हणून त्यांनी सही केली.

खारदेवळीच्या ग्रामसभेत हरेश उभा राहिला. “माझी बहीण त्याच हापिसात हाय. मी तिला विचारलंय. नको झाली की मिटता येते,” तो म्हणाला. एवढ्यावर सगळ्या गावानं हात वर केला. शेजारच्या गावांनी खारदेवळीचं बघून केला.

छत्र लागलं आणि उष्म्यानं मरणारी माणसं कमी झाली, हे खोटं नाही. पण आभाळाचा निळा रंग गेला. भर दुपारीसुद्धा ते ताकाच्या पाण्यासारखं दिसे. थेट ऊन कमी पडायला लागलं, आणि मीठ थेट उन्हावर आणि वाऱ्यावर पिकतं. डिसेंबरात भरलेलं पाणी जानेवारीअखेर मिठानं फुलायचं, ते फेब्रुवारी सरला तरी नुसतं दाट होऊन बसे. त्यात भर मोसमात अवकाळी सरी. त्या छत्रामुळे की कशामुळे, यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद आहे, पण मीठ विरघळायला वादाचा निकाल लागत नाही. तीन मोसम असे गेल्यावर गावानं ठराव केला, छत्र मिटा. वरून उत्तर आलं, समाप्ती-आघाताच्या शक्यतेमुळे तात्काळ समाप्ती अव्यवहार्य. गावातल्या कुणालाही त्यातलं अक्षर कळलं नाही. मग हरेशनं फोन केला.

“दर्शू, सांग त्यांना मिटायला.”

“दादा, तशी मिटता येत नाही ती.”

“तू हो बोल्ली होतीस.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सगळा गाव माझ्या तोंडाकडं बघतो गो,” हरेश म्हणाला. आवाज चढला नव्हता. त्यानं फोन ठेवला, आणि जेवलीस का म्हणून विचारलं नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. तीन भाऊबिजा गेल्या. पहिल्या वर्षी ती गेली, तर वहिनी दारात येऊन म्हणाली, ते आगरावर गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. दर्शना दोन तास ओटीवर बसली आणि निरांजन तसंच पिशवीत घालून परत आली. पुढची दोन वर्षं गेलीच नाही. लग्न केलेलं नव्हतं, आईबाप कधीच गेले होते, कार्यालयातली माणसं पाचच्या ठोक्याला आपापल्या घरी जात. स्वयंपाकघरात एक बरणी होती. दर वर्षी मोसमाचं पहिलं मीठ हरेश पाठवायचा, त्यातलं शेवटचं. ते ती वापरत नव्हती. पावसाळ्यात त्याला पाणी सुटे, उन्हाळ्यात ते पुन्हा खडा धरे. घरात आपणहून हलणारी चीज तेवढीच होती. लाखो माणसांच्या तोंडी आपला शब्द आहे आणि आपल्याशी बोलायला कुणी नाही, हे तिला अधूनमधून आठवे आणि फार वाईट वाटे.

आठव्या वर्षी फेरसंमतीची वेळ आली. किनाऱ्यावरच्या चाळीस गावांत जाहीर सुनावण्या होणार होत्या, आणि पहिलं नाव खारदेवळीचं निघालं. चौबळसाहेबांनी दर्शनाला बोलावलं. “निवेदन तुम्हीच वाचा. गावच्या आहात, लोक ऐकतील. आणि छत्र हाच शब्द ठेवायचा. रुळलाय आता.”

तिनं कपाटातून ते कार्ड काढलं आणि थेट डॉ. तांबोळींच्या खोलीत गेली. “यात एक वाक्य कमी आहे,” म्हणाली, आणि ते वाक्य सांगितलं.

डॉ. तांबोळींनी कार्डावरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. “मी यावर सही केलीय, दर्शनाताई.”

“हो. मी तुम्हाला फसवलं.”

“आता काय करणार?”

“तिथं सांगणार.”

“सांगा. पण पुढचंही धरून चला. तुम्ही खरं सांगाल, लोक चिडतील, बंद करा म्हणतील. खारदेवळीनं नाही म्हटलं तर चाळीस गावं नाही म्हणतील, आणि बंद करून टाकायला दिल्लीत टपलेले लोक आहेतच. मग तो आघात खरंच येईल. तुमच्या भावाच्या आगरावरही येईल.” मग त्या म्हणाल्या, “सांगू नका असं मी म्हणणार नाही. मला म्हणवत नाही.”

दर्शनानं त्या आठवड्यात चार वेळा निवेदन फाडलं. न सांगितलं तर दादा जन्माचा खोटा ठरणार, सांगितलं तर कदाचित सगळा किनारा होरपळणार. कुणाला विचारावं तर विचारायचं माणूस एकच होतं.

सुनावणी सकाळी दहाला, देवळासमोरच्या मांडवात. प्रांतसाहेब, त्यांचे कारकून, डॉ. तांबोळी, एक मोठा पडदा, आणि तीनेकशे माणसं. हरेश डाव्या खांबाशी बसला होता. केस पार पांढरे झाले होते. तिनं बघितलं तेव्हा तो पडद्याकडे बघत होता.

तिनं निवेदन वाचायला घेतलं. फायदे वाचले, आकडे वाचले. सहाव्या परिच्छेदात ‘समाप्ती-आघात’ आला आणि ती थांबली. कागद टेबलावर ठेवून तिनं पर्समधून पिवळं कार्ड काढलं.

“हे इथल्या कुणाला कळणार नाही. कळू नये असंच झालंय ते,” ती म्हणाली. “आमच्याकडे शब्द ठरवताना लोकांना विचारतात आणि त्यांचं बोलणं लिहून ठेवतात. छत्र हा शब्द मी काढला. मी हरेश मोकलला विचारलं. तो म्हणाला, उन्हासाठी आडोसा, चांगली आहे. ते मी लिहिलं. पुढं तो म्हणाला, नको झाली की मिटायची, हो ना? मी हो म्हटलं, आणि ते लिहिलं नाही. ती मिटता येत नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. त्यानं तुम्हाला जे सांगितलं ते माझ्या शब्दावर सांगितलं. खोटं मी बोलले. तो नाही.”

प्रांतसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलून पुन्हा ठेवला. पुढच्या रांगेतल्या चांगुणाआय नव्वदीच्या होत्या, त्यांनी दर्शनाला कडेवर खेळवलेलं.

“मग छत्री बोल्लीस कशाला गो?”

“मला तो शब्द आवडला होता, आय.”

“शब्द आवडला होता,” चांगुणाआय शेजारणीला म्हणाल्या, ती बहिरी होती म्हणून.

मग दर्शनानं सातवं प्रकरण साध्या बोलीत सांगितलं. धूर कसा साठतो, उष्णता कशी झाकली जाते, एकदम थांबवलं तर काय होतं. पण मांडव आता ऐकत नव्हता. मागून कुणी म्हणालं, बंद करा, आत्ताच ठराव घ्या. दुसरा म्हणाला, फसवून घेतलेली संमती कसली? सरपंचांनी वही उघडली. डॉ. तांबोळी खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. हात वर व्हायला लागले, एक, दोन, मग अर्धा मांडव.

हरेश खांबाला धरून उठला. तो गावाकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे दर्शनाकडे त्याची पाठ झाली.

“हात जरा खाली घ्या,” तो म्हणाला. “मना एक सांगायचंय. आपल्या वाडवडलांनी खाडीला बांध घातला. समुद्र गेला का? नाय. बांधाबाहेर उभाच हाय. भरती चढतेच हाय, आणि आतली जमीन भरतीच्या खाली बसलीय. म्हणून दर साल घरटी एक माणूस चिखल थापायला जातो. पाणी सोडायच्या उघाडीच्या फळ्या बदलतो. कटाळा आला म्हणून एक साल नाय गेलो तर काय होतं?”

“खांड पडते,” कुणीतरी म्हणालं.

“खांड पडते. आणि बांध फुटला की समुद्र हळूहळू येत नाय. मोठ्या उघाडीपाशी खांड पडली तवा एका उधाणात सगळी आगरं गेली. शेतं बारा वर्षं खारट राहिली. माझा बाबा तीच हाय खाऊन गेला. इथं बसलेल्या कितीकांना आठवतं ते.” त्यानं मागं न बघता दर्शनाकडे अंगठा केला. “ही जी काय बोलते ती छत्री नाय. बांध हाय. आभाळाला घातलेला. घातला तो घातला. आता फोडायचा नाय. उतरवायचा असंल तर बाहेरची भरती आधी उतरवा, धूर कमी करा, आणि मग वीतवीत उतरवा, दर साल, आमच्या डोळ्यांदेखत. हे आधीच बांध म्हणून सांगितलं असतं तर मी तवा हात वर केला असता का नसता, ठाव नाय. पण समजून केला असता.”

तो खाली बसला. हात पुन्हा वर झाले नाहीत. तासभर बोलाचाली झाली आणि ठराव झाला तो वेगळाच: बंद नको, धूर आणि फवारा दोन्ही दर साल किती उतरले ते गावाला सांगावं, आणि यापुढं कुठलाही शब्द आधी गावाला ऐकवल्याशिवाय कागदावर घेऊ नये. पुढल्या आठवड्यात तोच ठराव शेजारच्या गावांनीही उचलला. डॉ. तांबोळी त्या दिवशी गाडीत बसताना म्हणाल्या, आठ वर्षं मला जे समजावता आलं नाही ते या माणसानं पाच मिनिटांत सांगितलं.

मांडव रिकामा होताना दर्शना टेबलापाशीच उभी राहिली. हरेश दोन हातांवरून गेला. चप्पल शोधली, पायात सरकवली आणि बांधाच्या वाटेला लागला. ती हाक मारणार होती. तीन वर्षं तोंडात धरून ठेवलेली हाक, पण ती मारायचा आता आपल्याला काही हक्क आहे असं तिला वाटेना. ती दुपारच्या एसटीनं पुण्याला परतली.

तिच्यावर चौकशी बसली, ती बसायलाच हवी होती. समितीतून नाव कमी झालं. आभाळछत्र हा शब्द मागं घेतला गेला. कपाटाच्या किल्ल्या सोपवायच्या आदल्या दिवशी तिनं एक कोरं पिवळं कार्ड घेतलं आणि वर लिहिलं, ‘आभाळबांध’. दुसऱ्या कार्डावर लिहिलं, ‘खांड’. पहारेकऱ्याला दोन्ही ऐकवले. तो म्हणाला, “म्हणजे नीट राखायला पाहिजे, नाहीतर फुटणार.” शेवंताबाई म्हणाल्या, “कुणी घातला हा बांध, आम्हाला न विचारता?” तिनं दोन्ही उतरवलं. मग तिसऱ्याचं नाव लिहिलं, हरेश बाळाराम मोकल, खारदेवळी. पुढं ‘नातं’ असा रकाना होता. तिथं तिचा हात थांबला. शेवटी ‘भाऊ’ असं लिहून तिनं त्याचं मांडवातलं सगळं बोलणं उतरवलं. दोन ओळी कधीच भरल्या. कार्ड उलटून मागची बाजूही भरली.

संध्याकाळी ती घरी भाजी निवडत होती, तेव्हा फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून तिला आधी खरंच वाटेना.

“ते माझं बोलणं लिहिलंस?” हरेशनं विचारलं. ना हाक, ना ख्यालीखुशाली.

“लिहिलं.”

“पुरतं?”

“पुरतं. मागच्या बाजूवरसुद्धा.”

“वाच.”

कार्ड कार्यालयात होतं. पण तिला सगळं पाठ होतं. तिनं पहिल्या शब्दापासून म्हणून दाखवलं, वाडवडलांनी घातलेला बांध, चिखल, फळ्या, बाबा, वीतवीत उतरवणं, आणि ते शेवटचं, समजून केला असता. पलीकडून उघाडीतून पाणी सुटल्याचा आवाज येत होता. म्हणजे तो बांधावर उभा होता.

“बरोबर हाय,” तो म्हणाला.

ती त्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. पाण्याचा आवाज थोडा वेळ आला, मग फोन बंद झाला.

दर्शनानं फोन कानावरून काढला नाही. “जेवते रे, दादा,” ती म्हणाली, आणि भाजी शेगडीवर ठेवायला उठली.